एकच कर्नल, दोन चिपा: कोड एकत्र ठेवू की वेगवेगळा?

पेंडिंग_इंटरप्ट

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

भोसरी एमआयडीसीत आमची पस्तीस माणसांची कंपनी आहे. एअर कॉम्प्रेसरचे कंट्रोलर बनवतो. प्रेशर वाचायचं, लोड-अनलोड करायचं, मशीन किती तास चाललं ते अवर मीटरवर दाखवायचं आणि काही बिनसलं तर लाल दिवा लावून मोटर बंद करायची. या सगळ्याच्या खाली आमचा स्वतःचा छोटा कर्नल आहे, म्हणजे चिपेवर कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणारा मूळ प्रोग्राम. टास्क, टायमर, म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला मिळणारं कुलूप), क्यू, एवढाच संसार. साधारण ११ हजार ओळी. आमच्या साहेबांनी तो २०११ साली आर्मच्या कॉर्टेक्स-एम३ चिपेसाठी एकट्याने लिहिला, पुढे एम४ वर आला. काही फायलींच्या डोक्यावर अजून त्यांची टिपणं आहेत, 'इथे हात लावू नये'. का ते लिहिलेलं नाही.

२०२१ मध्ये चिपांचा दुष्काळ पडला तेव्हा आमची नेहमीची आर्म चिप मिळेना. मिळाली तर सोन्याच्या भावाने. मग रिस्क-फाइव्ह या वेगळ्या इन्स्ट्रक्शन सेटची (चिपेला कळणाऱ्या हुकमांच्या यादीची) एक ३२ बिट चिप घेतली, आरव्ही३२आयएमएसी. माझ्या आधीच्या सहकाऱ्याने (तो आता बंगळुरात सुखात आहे) 'आर्म' हे फोल्डर जसंच्या तसं कॉपी केलं, त्याला 'रिस्कव्ही' नाव दिलं आणि बोर्ड उठेपर्यंत आत खुडबुड करत राहिला. दीड महिन्यात बोर्ड चालू. पेढे वाटले, मीही खाल्ले.

आता निस्तरतेय मी.

प्रकरण पहिलं. आमच्या म्युटेक्समध्ये प्रायॉरिटी उसनी देण्याची सोय आहे. खालच्या टास्कने म्युटेक्स धरला आणि वरचा टास्क ताटकळला, तर खालच्याला तेवढ्यापुरती वरची प्रायॉरिटी मिळते. एका टास्कने दोन म्युटेक्स धरले असतील आणि त्यातला एक सोडला, की आमचा कर्नल त्याला लगेच मूळ प्रायॉरिटीवर आणून आपटायचा. दुसऱ्या म्युटेक्सपाशी कोणी थांबलंय हे बघायचाच नाही. हे मी २०२२ मध्ये पकडलं आणि दुरुस्त केलं. आर्मच्या फोल्डरमध्ये. गेल्या वर्षी चाकणच्या एका गिऱ्हाइकाकडे रिस्क-फाइव्हच्या बोर्डाची स्क्रीन दर चार-पाच दिवसांनी गोठायला लागली. तीन आठवडे खपले. सेन्सरच्या वायरी बदलल्या, अर्थिंग तपासलं, शेवटी साहेबांनी गिऱ्हाइकाच्या वेल्डिंग मशीनवर संशय घेतला. आणि एके दिवशी दोन फोल्डर शेजारी उघडून बसले तर एकीकडे दुरुस्ती, वर माझीच कॉमेंट, दुसरीकडे जुनाच कोड. त्या दिवशी डबा उघडला नाही.

प्रकरण दुसरं. साहेब म्हणाले, 'सगळं एकत्र कर.' मी कंबर कसून बसले. टास्ककडून कर्नलला हाक मारायचा मार्ग दोन्हीकडे सारखाच दिसत होता. हाकेचा नंबर काढा, तक्त्यातलं फंक्शन बोलवा, उत्तर रजिस्टरमध्ये ठेवा, परत जा. सुंदर सामायिक फंक्शन लिहिलं. आर्मवर चाललं. रिस्क-फाइव्हचा बोर्ड लावला तर टर्मिनलवर बूट मेसेजचं पहिलंच अक्षर, 'बी', आणि मग बीबीबीबीबी, स्क्रीन भरून वाहतेय. संध्याकाळी सात वाजता उमगलं. आर्मवर एसव्हीसी (कर्नलला हाक मारायची इन्स्ट्रक्शन) केल्यावर हार्डवेअर जो परतीचा पत्ता ठेवतं तो पुढच्या इन्स्ट्रक्शनचा असतो. रिस्क-फाइव्हवर ईकॉल (तीच हाक) केलं की एमईपीसी या परतीच्या पत्त्याच्या रजिस्टरमध्ये खुद्द ईकॉलचाच पत्ता असतो, त्यात ४ आपण मिळवायचे. नाही मिळवले तर परत गेल्यावर पुन्हा तीच हाक. जुन्या रिस्कव्ही फोल्डरमध्ये ही एक ओळ होती. मला ती 'फालतू फरक' वाटली आणि मी उडवली.

आता सामायिक फायलीत ६४ इफडेफ (या चिपेला ही ओळ, त्या चिपेला ती, असे फाटे) झालेत. वाचताना डोळ्यांना झिणझिण्या येतात. साहेबांचं मत फिरलं, 'जमत नसेल तर राहू दे वेगळं.'

तर प्रश्न हा. कॉन्टेक्स्ट स्विच (एक टास्क थांबवून दुसरा चालू करणं) वेगळा असणार, क्यू आणि लिस्ट सामायिक असणार, हे मलाही कळतं. मधल्या गोष्टींचं काय? टिक (टायमरचा दर मिलिसेकंदाचा ठोका), क्रिटिकल सेक्शन (इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरने मध्येच मारलेली हाक, अडवून चालवायचा कोड), सगळ्यात वरचा तयार टास्क शोधणं, आणि मध्येच तुटू न देता करायचे बदल, म्हणजे अ‍ॅटॉमिक. मोठ्या कर्नलमध्ये ही रेघ कोण आणि कशावरून मारतं? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निगडी_टू_हिंजवडी

यात विचारण्यासारखं काय आहे? कॉपी-पेस्ट म्हणजे पाप. सगळं एकत्र, फरक पडेल तिथे इफडेफ, विषय संपला. आणि आजच्या काळात घरचा कर्नल कशाला? फ्रीआरटॉस हा तयार, फुकट कर्नल घ्या आणि मोकळे व्हा.

पेंडिंग_इंटरप्ट

फ्रीआरटॉस सुचवून झालंय. साहेबांनी अर्धा मिनिट माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, 'म्हणजे आपला वाईट आहे का?' पुढे काय बोलणार.

कर्नलकाका

ताई, निगडीकरांचं इफडेफचं काही ऐकू नका. पण फ्रीआरटॉस उघडून बघा, वापरायला नव्हे, नुसतं बघायला. टास्क, क्यू आणि लिस्ट या फायली सगळ्या चिपांना एकच. प्रत्येक चिपेसाठी 'पोर्ट'ची एक सी फाइल आणि मॅक्रोंची एक हेडर. आता त्यात तुमचाच 'वरचा टास्क शोधणं' हा प्रश्न कसा सोडवलाय बघा. एक साधी सी मधली रीत आहे, ती कुठेही चालते. आणि एक सेटिंग आहे, ते चालू केलं तर पोर्टने दिलेली वेगवान रीत वापरली जाते, एम४ वर सीएलझेड (आकड्याच्या सुरुवातीला किती शून्य बिट आहेत ते मोजणाऱ्या) इन्स्ट्रक्शनवाली. पण मग प्रायॉरिट्या ३२ पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. घासाघीस उघड्यावर मांडलेली आहे, कुणी लपवलेली नाही.

मी कोथरूडला असतो. वीस-बावीस वर्षं लिनक्सच्या कर्नलमध्ये पोटापाण्यासाठी हात घालतोय, त्यातली बरीचशी एका चिपेचा कोड दुसऱ्या चिपेवर नेण्यात गेली. रेघ कोण मारतं विचारलंत. रेघ आधी कोणीच मारत नाही. आधी सगळे तुमच्या बंगळुरूवाल्यासारखंच करतात.

लिनक्स लिहिणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने ऑगस्ट १९९१ मध्ये पहिली घोषणा केली तेव्हाच स्वच्छ लिहिलं होतं की हे पोर्टेबल नाही, इंटेलच्या ३८६ चिपेच्या टास्क स्विचिंगवर बेतलेलं आहे. मार्च १९९५ मध्ये लिनक्स १.२ आलं तेव्हा त्यात अल्फा, स्पार्क आणि मिप्स या चिपाही होत्या. पुढे एएमडीची ६४ बिट चिप आली आणि आय३८६ च्या शेजारी एक्स८६_६४ असं नवीन फोल्डर उभं राहिलं. अर्ध्याहून जास्त कोड भावाभावांसारखा दिसणारा, दुरुस्ती एकीकडे झाली की दुसरीकडे राहायची. तुमचं चाकण प्रकरण, फक्त जगभर. शेवटी टॉमस ग्लाइक्सनर आणि इंगो मोल्नार यांनी दोन्ही फोल्डर एक केले, २.६.२४ मध्ये, म्हणजे जानेवारी २००८.

ते कसं केलं ते तुमच्या उपयोगाचं आहे. पहिल्या दिवशी त्यांनी एकही ओळ 'एकत्र' केली नाही. सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये नुसत्या हलवल्या आणि शेपट्या लावल्या, सेटअप_३२, सेटअप_६४, अशा. कोड तोच, फक्त जोड्या शेजारी आल्या. मग एकेक जोडी घ्यायची, फरक वाचायचा, फरक अपघाताने पडलाय की कारणाने ते ठरवायचं आणि मगच शेपूट कापायचं. हे काम पुढे कितीतरी आवृत्त्या चाललं. तुम्ही एका दमात सगळं एकजीव करायला गेलात, तिथे ती ४ मिळवायची ओळ गेली.

आणि बरोबर उलटं उदाहरणही घ्या. डिसेंबर २०१२ मध्ये लिनक्स ३.७ मध्ये ६४ बिट आर्म आला. आर्मचं ३२ बिट फोल्डर शेजारीच होतं, पण त्याला न जोडता वेगळं घर दिलं. इन्स्ट्रक्शन सेट नवा, एक्सेप्शनची पद्धत नवी, आणि जुन्या फोल्डरमध्ये शंभर बोर्डांचं अडगळीचं सामान साचलेलं. ड्रायव्हर मात्र दोघांना एकच. म्हणजे एकाच कर्नलने एक जोडी जुळवली आणि दुसरी जाणूनबुजून वेगळी ठेवली, आणि माझ्या मते दोन्ही वेळा बरोबर केलं.

मी स्वतः काय बघतो ते सांगतो. ओळी सारख्या दिसतात का, हे बघत नाही. एकीकडे बग सापडला तर दुसरीकडे हात लावावा लागणार का, हे बघतो. म्युटेक्सचा बग दोन्हीकडचा होता, कारण तो प्रायॉरिटीच्या हिशोबातला होता, चिपेला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं. ईकॉलचा फरक एकाच चिपेचा, तो आर्मला कधी होणारच नाही. तुमच्या त्या हाकेच्या फंक्शनमध्ये या दोन जातींच्या ओळी एकमेकींत मिसळल्या होत्या. नंबरावरून फंक्शन शोधणं सामायिक करा. आत येणं आणि बाहेर जाणं चिपेकडे राहू द्या, ती ४ मिळवायची ओळ तिथेच शोभते.

असं मोठ्यांचंही होतं, वाईट वाटून घेऊ नका. कर्नलमध्ये न शिरता घड्याळ वाचायची सोय, व्हीडीएसओ, प्रत्येक आर्किटेक्चरने (चिपेच्या घराण्याने) आपापली लिहिलेली होती. २०१९ मध्ये ५.३ साठी ती एक केली. ३२ बिट प्रोग्रामना ही सोय जमली नाही तर मागच्या दाराने खरा सिस्टिम कॉल (कर्नलला हाक) करायचा, आणि सामायिक कोडमध्ये तो मागचा दरवाजा नव्या, ६४ बिट वेळेच्या कॉलचा झाला. कागदावर चोख. पण काही प्रोग्राम सेककॉम्पच्या चाळणीत चालतात, कुठले कॉल चालतील याची यादी ठरलेली असते. यादीत जुना नंबर होता, नवा नव्हता. झालं, प्रोग्राम अडले. आवृत्ती बाहेर पडायच्या आत जुना दरवाजा परत बसवला. तुमच्या 'बीबीबीबी'चा थोरला भाऊ समजा.

आता तुमचे चार पदार्थ.

वरचा टास्क शोधणं. इथे वेगळं काही लिहूच नका. कंपायलरचं बिल्टइन सीएलझेड वापरा. एम४ वर त्याची एक इन्स्ट्रक्शन होते, तुमच्या रिस्क-फाइव्हवर झेडबीबी (असल्या कामाच्या जादा इन्स्ट्रक्शन) नसल्यामुळे लायब्ररीतलं छोटं फंक्शन बोलावलं जातं. एकच खड्डा आहे. शून्य दिलं तर आर्मची इन्स्ट्रक्शन ३२ उत्तर देते, पण बिल्टइनला शून्य दिलं तर काय येईल याची हमी नाही. साहेबांच्या कोडमध्ये 'कोणीच तयार नाही' हे ३२ वरून ओळखलेलं असेल, तर ते आधी बाहेर काढा.

टिक. इथे हँडलर सामायिक करू नका. आर्मचा टायमर सिसटिक हा २४ बिटांचा, उलटा मोजणारा आणि शून्यावर आला की आपणहून पुन्हा भरणारा. रिस्क-फाइव्हचा एमटाइम ६४ बिटांचा, सुलटा मोजणारा, आणि पुढची वेळ एमटाइमसीएमपीत आपण लिहायची, तीसुद्धा ३२ बिट चिपेवर दोन तुकड्यांत. तुकड्यांचा क्रम चुकला तर मधल्या क्षणी भलताच टिक. कर्नलने फक्त 'एक टिक झाला' एवढं ऐकावं. आणि ताई, एक गोष्ट आजच्या आज बघा. तुमच्या सहकाऱ्याने पुढची वेळ 'आत्ताची वेळ अधिक एक मिलिसेकंद' अशी लिहिली आहे, की 'मागची ठरलेली वेळ अधिक एक मिलिसेकंद'? पहिलं असेल तर हँडलरपर्यंत पोचायला लागलेला उशीर दर टिकला साचत जातो. ३ मायक्रोसेकंद धरले तरी दिवसाला चार मिनिटांहून जास्त. सिसटिकवर हा प्रकार घडतच नाही, म्हणून कॉपी करताना डोक्यात येत नाही.

क्रिटिकल सेक्शन. हा सगळ्यात फसवा, कारण दोन्हीकडे नाव एकच. एम४ वर साहेबांनी बहुधा बेसप्राय हे रजिस्टर वापरलं असेल. त्याने ठरावीक पातळीच्या वरचे इंटरप्ट चालूच राहतात. रिस्क-फाइव्हवर एमस्टेटस रजिस्टरमधला एमआयई बिट खाली केला की झाडून सगळे बंद. नावावर जायचं नाही. पुणे मेट्रोचं भोसरी स्टेशन सुरू झालं तेव्हा पाटीवर भोसरी आणि उतरायचं नाशिक फाट्याला. तुम्ही रोज तिथून रिक्षा करत असाल तर मी वेगळं काय सांगणार. तेव्हा आधी एका कागदावर लिहून काढा की हे फंक्शन नेमकं काय वचन देतं, मग दोन्ही चिपा ते पाळतात का बघा.

अ‍ॅटॉमिक. कंपायलरचे बिल्टइन वापरा, सामायिक होतील. पण कॉन्टेक्स्ट स्विचमध्ये एक भर घाला. एम४ वर एक्सेप्शन आलं की एलडीरेक्सने (जागा वाचून तिच्यावर खूण ठेवणाऱ्या इन्स्ट्रक्शनने) लावलेली खूण आपोआप पुसली जाते. रिस्क-फाइव्हवर एलआर या तशाच इन्स्ट्रक्शनने धरलेलं आरक्षण तसं पुसलं जाईल यावर विसंबू नका. टास्क बदलताना एखाद्या बिनकामाच्या जागेवर एक एससी (आरक्षण टिकलं असेल तरच लिहिणारी इन्स्ट्रक्शन) मारून ते मोडायचं, असं स्पेसिफिकेशनच सांगतं. नाहीतर एकाचं आरक्षण दुसऱ्याच्या एससीला लागू पडायचा घोटाळा कधीतरी, वर्षातून एकदा, होईल, आणि तो तुम्हाला टेबलावर कधीच दिसणार नाही.

इफडेफबद्दल. चिपेचं नाव लिहून इफडेफ करू नका. हार्डवेअरमध्ये काय आहे ते नाव द्या, 'टायमर आपोआप भरतो', 'पातळीने इंटरप्ट रोखता येतात'. लिनक्समध्ये ही सवय जुनी आहे. एएसएम-जेनेरिक नावाच्या फोल्डरमध्ये सगळ्यांसाठी साधी रीत ठेवलेली असते, ज्याला स्वतःची चांगली रीत असेल त्याने आपली पुढे करायची. तिसरी चिप आली की फायदा कळेल. तुमच्याकडे येणार, लिहून ठेवा.

आणि कंटाळा आला असेल तर एखाद्या रेड६ (अनेक डिस्क जोडून, दोन बिघडल्या तरी डेटा वाचवायची सोय) लावलेल्या मशीनचा बूट लॉग वाचा. लिनक्स तिथे त्या हिशोबाच्या, सीपीयूला चालणाऱ्या अनेक रीती सुरुवातीलाच पळवून बघतो, प्रत्येकीचा वेग छापतो आणि जिंकलेली निवडतो. इंटेलकडची एव्हीएक्स२ रीत, आर्मकडची निऑन रीत, साध्या सी ची रीत, सगळ्या एकाच फोल्डरमध्ये गुण्यागोविंदाने. चिपेचा कोड चिपेच्याच फोल्डरमध्ये असावा असंही काही सोवळं नाही.

ब्रेकवाला

काकांचा आदर ठेवून थोडं आडवं बोलतो. मी गाड्यांच्या ब्रेक कंट्रोलरवर काम करतो. आमच्याकडे आयएसओ २६२६२ या गाड्यांच्या सुरक्षेच्या मानकाचं राज्य आहे. सामायिक फायलीत एक ओळ बदलली की ती फाइल वापरणाऱ्या प्रत्येक बोर्डाच्या चाचण्या, कागदपत्रं आणि सह्या पुन्हा. बदल ज्या बोर्डासाठी केला नाही त्याच्याही. 'एकीकडे बग सापडला तर दुसरीकडे हात लावावा लागणार का' हा प्रश्न ठीक, पण त्याच्या जोडीला 'एकीकडे सुधारणा केली तर दुसरीकडचं काय काय पुन्हा तपासावं लागणार' हाही विचारा. जुनं बोर्ड नुसतं विकलं जातंय, त्यात नवीन काही येणार नाही, तर त्याची प्रत गोठवून बाजूला ठेवणं आमच्याकडे स्वस्त पडतं. दुरुस्ती आली की यादी बघून हाताने नेतो. कंटाळवाणं आहे, पण झोप लागते.

लिनक्सने २०१८ मध्ये ४.१७ त आठ आर्किटेक्चर एकदम काढून टाकली. ब्लॅकफिन, क्रिस, टाइल वगैरे. वापरणारं कोणी उरलं नव्हतं, तरी सामायिक कोडमध्ये काही हललं की त्या आठही ठिकाणी हात लावावा लागायचा. एकत्र कुटुंबात न कमावणाऱ्याचंही ताट वाढावं लागतं.

कर्नलकाका

हे मान्य. मी लिनक्सवाला, आमच्याकडे बदल करणारा एक आणि तपासणारे शंभर. पस्तीस माणसांच्या कंपनीत तपासणारी हीच एकटी. ताई, रिस्क-फाइव्हचं बोर्ड किती वर्षं विकणार आहात? दोन असतील तर ब्रेकवाल्यांचं ऐका. दहा असतील तर एकत्र करा. आणि काही झालं तरी दोन्ही बोर्ड तुमच्या टेबलावर कायम जोडलेली ठेवा, रोज रात्री दोन्हींवर एकच चाचणी. ते जमणार नसेल तर सामायिक कोडच्या भानगडीत पडू नका.

पेंडिंग_इंटरप्ट

बारा दिवसांनी येतेय, माफी असावी. मध्ये दोन दिवस चाकणला जाऊन आले.

साहेबांना विचारलं. रिस्क-फाइव्हचं बोर्ड 'चालेल तोवर', म्हणजे माझ्या निवृत्तीपर्यंत. आर्मचंही. तर एकत्रच.

शेपटीवाला उपाय केला. दोन्ही फोल्डर एकात हलवले, बिल्ड आधीच्याशी ताडून बघितला, बाइटचाही फरक नाही. मग जोड्या मोजल्या. एकूण ३१. त्यातल्या १९ अक्षरशः सारख्या, वरच्या कॉमेंटमधलं फोल्डरचं नाव सोडून. ५ खऱ्याखुऱ्या वेगळ्या. उरलेल्या ७ मध्ये फरक पडला होता तो फक्त एकीकडे दुरुस्ती झाल्यामुळे. म्युटेक्सची त्यात होतीच. आणखी दोन माझ्याच निघाल्या, आणि एक अशी की दुरुस्ती रिस्कव्हीत होती, आर्ममध्ये नव्हती. म्हणजे बंगळुरूवाल्याने साहेबांचा २०११ चा बग शोधून गुपचूप दुरुस्त केला होता आणि कोणाला बोलला नव्हता. त्याला मेसेज केला. म्हणाला, 'फाइलीवर हात लावू नये लिहिलं होतं ना, म्हणून आर्मच्या फाइलीला लावला नाही.'

टिकचं काका तुमचं बरोबर निघालं. 'आत्ताची वेळ अधिक एक मिलिसेकंद' असंच लिहिलं होतं. दोन बोर्ड शेजारी ठेवून रात्री आठला सुरू केली, सकाळी दहाला बघितली. १४ तासांत १ मिनिट ५१ सेकंदांचा फरक, रिस्क-फाइव्ह मागे. म्हणजे दर टिकला २.२ मायक्रोसेकंद. अवर मीटर याच टिकवर चालतो. गिऱ्हाइकं २००० तासांनी ऑइल बदलतात, तर त्यांचं ऑइल इतकी वर्षं जवळपास साडेचार तास उशिरा बदललं जात होतं. साहेबांना घाबरत घाबरत सांगितलं. ते बराच वेळ हसले आणि म्हणाले, 'ऑइलवाल्याला सांगू नकोस.'

सीएलझेडचा ३२ वाला प्रकारही होता, तीन ठिकाणी. एससी घातला. इफडेफ ६४ वरून ९ वर आलेत आणि एकाही नावात आर्म किंवा रिस्क नाही.

अडलंय ते क्रिटिकल सेक्शनपाशी. तुमच्या म्हणण्याप्रमाणे वचन कागदावर लिहायला बसले तर एम४ वर मोटरच्या ओव्हरकरंटचा इंटरप्ट बेसप्रायच्या वर ठेवलेला सापडला. म्हणजे कर्नल कशातही गुंतला असला तरी मोटर तोडायचं काम थांबायचं नाही. साहेबांच्या 'हात लावू नये'चं कारण हेच होतं, आता कळलं. रिस्क-फाइव्हवर तो इंटरप्टही बाकीच्यांबरोबर अडतो. आमचा सगळ्यात लांब क्रिटिकल सेक्शन ४० मायक्रोसेकंदांचा भरला. साहेब म्हणतात ४० ने काही होत नाही, काँटॅक्टर (मोटरची वीज तोडणारा स्विच) पडायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. हिशोब खरा आहे. पण उद्या कोणीतरी क्रिटिकल सेक्शनमध्ये लूप घालेल आणि ४० चे ४०० होतील, तेव्हा आर्मवर काही दिसणार नाही.

कर्नलकाका

साहेबांचा हिशोब आजचा आहे, तुमची भीती उद्याची. चिपेच्या मॅन्युअलमध्ये इंटरप्ट कंट्रोलरचं प्रकरण उघडा. काही रिस्क-फाइव्ह चिपांत पातळ्या आणि उंबरठ्याचं रजिस्टर असतं, त्यात आकडा लिहिला की त्याच्या वरचे तेवढे आत येतात. तसं असेल तर बेसप्रायसारखंच वचन पाळता येईल. नसेल तर सामायिक नाव मोडा. दोन नावं करा, एक 'सगळे बंद' आणि एक 'मोटर सोडून सगळे बंद', आणि दुसरं रिस्क-फाइव्हवर कंपाइलच होऊ देऊ नका. जो वापरेल त्याला तिथेच ठेच लागू दे.

शनिवारी बोर्ड घेऊन कोथरूडला येणार असाल तर स्कोप माझ्याकडे आहे.

पेंडिंग_इंटरप्ट

उंबरठ्याचं रजिस्टर आहे! मॅन्युअलच्या एका कोपऱ्यात, चिनीतून उलथापालथ केलेल्या इंग्रजीत. शनिवारी येते काका, साहेबही येतो म्हणतायत. 'हात लावू नये'च्या खाली का लावू नये ते मी आता लिहिलंय, चार ओळी. त्यांनी वाचलं आणि त्यात एक शुद्धलेखनाची चूक काढली.